पीसी तापून बंद पडायचा, साफ केला तर आता चालूच होत नाही

प्रश्न : नमस्कार सर, माझं अकोल्याला झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्म भरून द्यायचं छोटं दुकान आहे. पीसी आय-थ्री, थर्ड जनरेशनचा, दहा-अकरा वर्षं झाली. एप्रिलपासून दुपारी दोन-तीन वाजता आपोआप बंद व्हायचा, थोडं थांबलं की परत चालू. मित्र म्हणाला धूळ असेल, म्हणून मी कॅबिनेट उघडून ब्लोअर मारला, प्रोसेसरवरचा फॅन काढून साफ केला, परत बसवला. तेव्हापासून बटण दाबलं की सगळे फॅन दोन-तीन सेकंद फिरतात आणि बंद, मग परत आपोआप फिरतात आणि बंद. स्क्रीन काळीच. रात्रभर ठेवून सकाळी लावलं तरी तेच. दुरुस्तीवाल्याने न उघडताच सांगितलं की मदरबोर्ड गेला. खरंच गेला असेल का?

उत्तर : भाऊ, न उघडता निदान करणाऱ्याचं ऐकून लगेच पैसे काढू नका. तुमच्या मशीनला आता दोन वेगळे आजार आहेत आणि तुम्ही ते एकच समजताय. दुपारी बंद पडायचा तो तापूनच, त्यात शंका नाही. पण रात्रभर थंड झालेला पीसी सकाळी दोन सेकंदात तापत नसतो, कूलर (प्रोसेसरवरचा फॅन आणि त्याखालची ॲल्युमिनियमची जाळी) प्रोसेसरला टेकलेलाच नसेल तरी बहुतेक वेळा त्याहून जरा जास्त वेळ लागतो. म्हणजे आताचं दुखणं तुमचा हात आत गेल्यावर काहीतरी हललं त्याचं आहे, आणि ही चांगली बातमी आहे, कारण हललेलं परत बसवता येतं.

आधी पिन काढा (भिंतीतलीच नव्हे, यूपीएसमधलीही, पूर्ण सुटीच करा), बटण पाच-दहा सेकंद दाबून ठेवा म्हणजे उरलासुरला करंट जाईल, कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावा आणि मग आत बघा. प्रोसेसरच्या जवळ चार तारांचा, दोन पिवळ्या दोन काळ्या, छोटा चौकोनी कनेक्टर असतो. कूलर काढताना तो आड येतो म्हणून लोक उपसतात आणि परत लावायचा राहतो. तो सुटा असला की काही बोर्डांवर फॅन नुसते फिरत राहतात, काहींवर फिरून थांबतात, डिस्प्ले मात्र कुठेच येत नाही. मग रॅम. ब्लोअरच्या झोताने नाही हलत ती, पण कूलर जोर लावून दाबताना बोर्ड वाकतो आणि रॅम एका टोकाने अर्धी वर येते, बघून कळतही नाही. काढा, सोनेरी पट्टीवर पांढरा खोडरबर हलक्या हाताने फिरवा, चुरा झटका, दोन्ही बाजूंच्या क्लिपा टक् वाजेपर्यंत बसवा. दोन असतील तर एकच लावून बघा, मग दुसरी.

आता कूलर, आणि इथे मी जरा रेंगाळणार आहे कारण सगळी गंमत इथेच आहे. तुमच्या पिढीच्या प्रोसेसरवर डब्यातून आलेला गोल कूलर चार प्लॅस्टिकच्या पिनांवर बसतो, प्रत्येक पिनेच्या डोक्यावर बाण. काढताना बाणाच्या दिशेने फिरवून वर ओढायचं, हे सगळ्यांना जमतं. पण परत बसवण्याआधी ती डोकी उलटी फिरवून मूळ जागी आणावी लागतात, नाहीतर कितीही दाबा, पिन आत जाते पण लॉक होत नाही. मी स्वतः एका ओळखीच्यांच्या घरी तीन पिना बसवून चौथी तशीच सोडून आलो होतो, मशीन चालू झालं, चहा पिऊन निघालो, आणि बसस्टॉपवर पोचायच्या आत त्यांचा फोन. तेव्हा पिना समोरासमोरच्या, म्हणजे तिरक्या जोडीने दाबा, चारदा कट् ऐकू आला पाहिजे, मग कूलर बोटांनी हलवून बघा. प्रोसेसरवर घट्ट असेल तर जागचा हलत नाही. बोर्ड बाहेर काढलाच असेल तर मागून बघा, चारही पांढऱ्या पायांतून काळी पिन बाहेर डोकावली पाहिजे.

कूलर काढलात म्हणजे प्रोसेसरची उष्णता कूलरकडे नेणारी मधली जुनी पेस्टही गेली, ती एव्हाना खडूसारखी भुगा झालेली असणार. नवीन थर्मल पेस्टची छोटी ट्यूब शंभर-दोनशे रुपयांत मिळते. जुनी कापसाने आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून टाका आणि मधोमध वाटाण्याएवढा ठिपका द्या, पोळीला तूप लावल्यासारखं थापू नका, दाबाने ती आपोआप पसरते.

एवढं करूनही तेच, तर एसएमपीएस, म्हणजे पीसीला वीज पुरवणारा डबा, तपासायचा. 24 पिनांचा मोठा कनेक्टर बोर्डातून काढा, हिरवी तार आणि कोणतीही काळी तार कागदाच्या क्लिपने जोडा, मग मेन स्विच चालू. त्याचा पंखा फिरला नाही तर एसएमपीएस मेला. फिरला तरी तो पूर्ण बरा आहे असं नाही, लोड आला की बसणारेही असतात, तेव्हा कोणाचा चालू एसएमपीएस अर्ध्या तासासाठी मागून आणा. तो बदलताच मशीन उठलं तर उत्तर मिळालं. फक्त त्याचा पत्रा उघडू नका, पिन काढल्यावरही आतले कपॅसिटर (वीज साठवणारे छोटे डबे) जबर झटका देतात. मदरबोर्डवरचे कपॅसिटर मात्र नजरेने बघा, डोकं फुगलेलं किंवा तपकिरी ओघळ आलेला असेल तर दुरुस्तीवाला योगायोगाने बरोबर निघाला म्हणायचं.

चालू झालं की पहिला आजार. ब्लोअर वरून मारला तर पंख्याच्या खालची धूळ जाळीत अजून घट्ट बसते. पंखा ॲल्युमिनियमपासून वेगळा करून बघा, मधे गोधडीच्या कापसासारखा थर निघेल. आणि ब्लोअर मारताना पंख्यात पेन्सिल अडकवा, नाहीतर तो वेड्यासारखा फिरून बेअरिंग जातं. तुमचा प्रोसेसर साधारण 55 वॉटचा असेल, म्हणजे जुन्या पिवळ्या 60 च्या बल्बएवढी उष्णता, तीही नखाएवढ्या तुकड्यातून. पंखा हवा थंड करत नाही हो, फक्त ढकलतो, त्यामुळे दुकानात 43 डिग्री असेल तर आत त्याहून वरच राहणार. बायोसमध्ये, म्हणजे विंडोज सुरू होण्याआधीच्या सेटिंगच्या स्क्रीनमध्ये, हार्डवेअर मॉनिटर असतो, तिथे पाच मिनिटं आकडा बघत बसा. 55-60 वर थांबला तर ठीक, सरसर 90 कडे गेला तर कूलर परत बसवा. 100 च्या आसपास प्रोसेसर आधी स्वतःहून हळू होतो आणि तरीही भागलं नाही तर मशीन तडक बंद करतो, हे तुम्ही एप्रिलभर पाहिलंच आहे. आणि टेबलाच्या बंद कप्प्यात कॅबिनेट ठेवलं असेल तर मागची फळी काढून टाका. सकाळची उदबत्ती पण जरा लांब लावा, तिच्या धुराने धूळ चिकट होते, देवाचं काही अडत नाही.

प्रश्न : कॅबिनेटची साइड उघडी ठेवून समोर टेबल फॅन लावला तर चालेल का?

उत्तर : चार दिवस निभावून नेण्यापुरतं चालेल, आत साचलेली गरम हवा निघून जाते. पण टेबल फॅन धूळही तेवढीच आत मारतो, दर पंधरा दिवसांनी साफ करायची तयारी ठेवा. आणि पावसाळा लागला की साइड बंद करा, मागचे रिकामे स्लॉटही पट्ट्या लावून झाका. उबेला पाल येऊन बसते, आणि एसएमपीएसच्या जाळीतून आत गेलेली पाल मी दोनदा चिमट्याने बाहेर काढलीय.