16 दिवसांत सगळं संपतं का?

प्रश्न: आईला थायरॉईडसाठी रेडिओअॅक्टिव्ह आयोडीन दिलंय. त्याची हाफ लाइफ 8 दिवस आहे असं कळलं, म्हणजे 16 दिवसांत सगळं संपेल ना? आणि ती बसते ती खुर्चीपण रेडिओअॅक्टिव्ह होते का? धाकटा भाऊ तिथे बसायलाच घाबरतोय.

उत्तर: नाही, 16 दिवसांत संपत नाही. 8 दिवसांनी अर्धं उरतं, 16 दिवसांनी त्याचं अर्धं म्हणजे पाव, 24 दिवसांनी आठवा भाग, असं करत 80 दिवसांनी साधारण हजारावा भाग उरतो. कारण अणूला वय नसतं. आपण जसे म्हातारे होतो तसा तो होत नाही, महिनाभर टिकलेला आयोडीन 131 चा अणू आणि आत्ताच तयार झालेला अणू, दोघांचीही पुढच्या 8 दिवसांत फुटायची शक्यता अगदी सारखीच. गायगर काउंटर (रेडिओअॅक्टिव्ह किरण मोजणारं यंत्र) कधी चालू केलात तर हे कानांनी ऐकता येतं, टिक... मग दोन एकदम टिकटिक, मग जरा शांतता, ठेका असा नाहीच, कुठला अणू कधी जाणार हे कुणालाच सांगता येत नाही पण कोट्यवधींचा हिशोब मात्र चोख बसतो. मला स्वतःला फिजिक्समधली ही सगळ्यात सुंदर गोष्ट वाटते.

आईच्या बाबतीत दिलासा असा की बरंचसं आयोडीन पहिल्या काही दिवसांत लघवीवाटे निघून जातं, त्यामुळे शरीरातलं प्रमाण नुसत्या हाफ लाइफच्या हिशोबापेक्षा लवकर उतरतं.

आता खुर्ची. दिवा उचलून नेला की खुर्ची स्वतः उजेड देत बसत नाही ना, तसंच आईच्या अंगातून येणाऱ्या गॅमा किरणांमुळे खुर्ची रेडिओअॅक्टिव्ह होत नाही. पण घाम, थुंकी, लघवी यातून खुद्द आयोडीनच बाहेर येतं आणि ते वस्तूंना लागू शकतं, म्हणून भांडी टॉवेल वेगळे ठेवा, लहान मुलं आणि गरोदर बाईपासून अंतर ठेवा असं सांगतात. ते किती दिवस पाळायचं हे डोसवर ठरतं, तिथे डॉक्टर सांगतील तेच ऐका प्लीज.

प्रश्न: अणुभट्टी बंद केली तरी ती थंड का करत राहावी लागते?

उत्तर: पुन्हा हाफ लाइफच. बंद केल्यावर युरेनियमचं विखंडन (अणू दुभंगणं) थांबतं, पण तोवर झालेले तुकडे (त्यात हेच आयोडीन 131 आणि 30 वर्षं हाफ लाइफवालं सीझियम 137 पण आलं) फुटतच राहतात आणि त्यांना बंद करायचं बटणच नाही. बंद केल्या क्षणी भट्टीच्या पूर्ण उष्णतेच्या 6-7 टक्के तरी उष्णता येतच असते. 11 मार्च 2011 ला जपानमधल्या फुकुशिमात भूकंप होताच चालू भट्ट्या नीट बंद झाल्या होत्या, बाहेरची वीज भूकंपानेच गेली होती, नंतर त्सुनामीने जनरेटरही बंद पाडले, पंप थांबले आणि ह्याच उरलेल्या उष्णतेने 3 भट्ट्यांमधलं इंधन वितळलं. वापरलेलं इंधन कित्येक वर्षं खोल पाण्यात बुडवून ठेवतात तेही ह्याचसाठी.