जुना कॅनन लाइड २५ स्कॅनर ६४ बिट विंडोज १० वर ओळखला जात नाही. सोबतची सीडी घालूनही उपयोग झाला नाही. संगणकात २ जीबी रॅम आहे आणि कोल्हापूरच्या घरातील आजोबांची मोडी कागदपत्रे स्कॅन करायची आहेत. काय करावे?

आपला स्कॅनर बिघडलेला नसण्याची शक्यता मोठी आहे, म्हणून तो भंगारात देण्याची घाई कृपया करू नये. जुन्या संगणकावर ३२ बिट विंडोज ७ होते तोवर तो चालत होता, याचे कारण त्याचा ड्रायव्हर (संगणकाला स्कॅनर चालवू देणारी आज्ञावली) ३२ बिटचा आहे आणि ६४ बिट विंडोज असा ड्रायव्हर स्वीकारतच नाही. त्यामुळे तीच सीडी पुन्हा पुन्हा घालून उपयोग होणार नाही.

प्रथम स्कॅनरच्या तळाशी असलेले लॉक उघडे आहे ना ते पाहावे आणि केबल संगणकाच्या मागील यूएसबी पोर्टमध्ये थेट जोडावी, कारण हा स्कॅनर वीजही त्याच केबलमधून घेतो.

आपल्याकडे केवळ २ जीबी रॅम असल्याने मी लिनक्स मिंट या विंडोजऐवजी वापरता येणाऱ्या मोफत कार्यप्रणालीची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती सुचवेन. ती पेन ड्राइव्हवरून, हार्ड डिस्कला हात न लावता सुरू करून पाहता येते. तिच्यातील सेन (SANE) या स्कॅनर चालवणाऱ्या व्यवस्थेत या स्कॅनरचा ड्रायव्हर आधीच असतो. विंडोजच ठेवायचे असल्यास व्ह्यूस्कॅन हा सशुल्क स्कॅनिंग प्रोग्रॅम हा पर्याय आहे. त्याची चाचणी आवृत्ती प्रतिमेवर खुणा उमटवते, परंतु स्कॅनर चालतो की नाही हे खरेदीपूर्वी नक्की समजते.

आजोबांची मोडी कागदपत्रे मात्र ३०० डीपीआयपेक्षा (दर इंचाला ३०० ठिपके) कमी रिझोल्यूशनवर स्कॅन करू नयेत, आणि कोल्हापूरच्या पावसाळ्यात दमट झालेले कागद काचेवर ठेवण्यापूर्वी पंख्याखाली सावलीत पूर्ण सुकवावेत.