परवाना रद्द करावा की मुदत वाढवून घ्यावी?

वाचकाचा प्रश्न थोडक्यात असा: दुसऱ्या बाथरूमसाठी शहराकडून प्लंबिंगचा परवाना काढला, शुल्क भरून चार महिने झाले, पण एक पाइपही हललेला नाही. आता नोकरी बदलतोय, म्हणून काम पुढे ढकलायचं आहे. परवाना रद्द करून पैसे परत घ्यावेत का?

काम कधीच करणार नसाल तर रद्द करा, तेही लवकर. वर्षभराच्या आत नक्की करणार असाल तर रद्द करू नका. परतावा हातात आला की बरं वाटतं, पण हिशेब वेगळंच सांगतो.

आधी पावती काढा. तिच्यावर बहुधा परवाना शुल्क, नकाशा तपासणीचं शुल्क आणि एखादा अधिभार अशा वेगवेगळ्या ओळी असतील. अमेरिकेत अनेक शहरांचे नियम इंटरनॅशनल प्लंबिंग कोड या नमुना नियमावलीवर बेतलेले असतात. त्याच्या अनेक आवृत्त्यांत चुकून घेतलेलं शुल्क पूर्ण परत करण्याची तरतूद आहे. काम सुरूच झालं नसेल तर परवाना शुल्काचा ठरावीक टक्का परत मिळू शकतो. तो टक्का किती, हे शहर ठरवतं. तपासणी शुल्काचा काही भाग मिळतो, पण नकाशाला हात लागण्याआधी अर्ज मागे घेतला तरच. तुमचा परवाना निघालाय, म्हणजे तपासणी झालेली आहे. ती रक्कम विसरा. आणि परताव्याचा लेखी अर्ज पैसे भरल्यापासून १८० दिवसांच्या आत करावा लागतो. तुमचे साधारण दोन महिने उरलेत.

आता समजा, परवाना शुल्क १००, तपासणी शुल्क ४० आणि परतावा ८० टक्के. आज रद्द केलंत तर ८० मिळतील, पुढे पुन्हा १४० भरावे लागतील. म्हणजे ६० चा फटका, शिवाय तोवर दर वाढले तर तेही तुमच्याच माथी. त्याऐवजी काम सुरू न करता परवाना नुसता लॅप्स होऊ दिलात, म्हणजे मुदत संपून बाद होऊ दिलात, तर या कोडच्या अनेक आवृत्त्यांनुसार नकाशात बदल नसेल आणि खंड एक वर्षाच्या आतला असेल तर निम्म्या शुल्कात नवा परवाना मिळतो, म्हणजे ५०. मुदतवाढीचं शुल्कही त्याच आवृत्त्यांनुसार निम्मंच असतं. ती मिळते परवाना जिवंत असताना, सबळ कारण देऊन, एकदाच आणि जास्तीत जास्त १८० दिवसांची. ती मिळाली तर तुमच्याकडे अजून आठेक महिने आहेत. तेवढ्यात काम सुरू होणार असेल तर दुसरा विचारच नको. तुमच्या शहराने हे नियम बदलून स्वीकारलेले असू शकतात, म्हणून परवाना खिडकीवर टक्का, मुदत आणि मुदतवाढीचं शुल्क विचारून घ्या आणि माझ्या उदाहरणात तेच आकडे घाला.

आता एक गोष्ट, जी तुम्ही विचारलेली नाही. परवाना कोणाच्या नावावर आहे? कंत्राटदाराने काढला असेल तर मूळ परवानाधारक तो. अर्ज त्यालाच करावा लागेल आणि पैसेही बहुधा त्याच्याकडेच जातील. तुम्ही त्याला ॲडव्हान्स दिला असेल, तर तो या शुल्काच्या कितीतरी पट असणार. काम लांबलं तर ॲडव्हान्सचं काय, हे करारात बघा; नसेल तर आजच लेखी ठरवून घ्या. नोकरी बदलताना हाताशी पैसा हवा, हे अगदी बरोबर. पण तो मोकळा होणार असेल तर इथून होईल.

कंत्राटदार म्हणाला की ‘परवाना रद्द करा, काम गुपचूप उरकू’, तर सरळ नाही म्हणा. पकडलं गेलं तर नियमित शुल्कावर जादा आकारणी होते, आणि भिंतीआडचे पाइप तपासणीसाठी उघडायला लावले तर टाइल्सचा खर्चही तुमचाच.

मुदतवाढीचा अर्ज शेवटच्या आठवड्यापर्यंत ठेवू नका, आणि दिल्यावर तारखेसह पोच घ्या.