अक्कलदाढेवरून वय ठरवताना मापनाची विश्वासार्हता कशी तपासावी?

आपला प्रश्न असा आहे की, खालच्या अक्कलदाढेच्या परिपक्वता निर्देशांकावरून अठरा वर्षांची सीमा तपासताना एकाच निरीक्षकाने दोनदा घेतलेल्या मापांचा आयसीसी (अंतर्वर्ग सहसंबंध गुणांक, म्हणजे मापे किती जुळतात ते सांगणारा आकडा) 0.98 आला, तर मापन विश्वासार्ह मानावे का. माझ्या मते केवळ या आकड्यावरून तसे मानू नये.

आयसीसी म्हणजे एकूण विचरणापैकी व्यक्ती-व्यक्तींमधील खऱ्या फरकाचा वाटा. नमुन्यात चौदा वर्षांची मुले आणि बावीस वर्षांचे तरुण एकत्र असले की तो फरकच इतका मोठा असतो की निरीक्षकाची चूक त्यात झाकली जाते. कामेरिएरे यांच्या 2008 च्या पद्धतीत मुळांच्या उघड्या टोकांच्या रुंदींची बेरीज दाढेच्या लांबीने भागतात आणि निर्देशांक 0.08 पेक्षा कमी आल्यास व्यक्ती सज्ञान धरतात. दाढ 20 मिमी लांब असेल, तर ही सीमा दोन्ही मुळे मिळून जेमतेम 1.6 मिमी होते. प्रत्येक टोकाशी 0.2 मिमीची चूक झाली तरी निर्देशांक 0.02 ने सरकतो. म्हणून डालबर्गच्या सूत्राने (फरकांच्या वर्गांची बेरीज भागिले जोड्यांच्या संख्येची दुप्पट, त्याचे वर्गमूळ) निघणारी चूक निर्देशांकाच्याच एककात द्यावी आणि ब्लांड-आल्टमन आलेख (दोन मापांतील फरक त्यांच्या सरासरीसमोर मांडणारा) काढून एखादा निरीक्षक सातत्याने जास्त मोजतो का, तेही पाहावे.

डेमिर्जियन यांचे दाताच्या वाढीचे ए ते एच टप्पे (एच म्हणजे मुळाचे टोक बंद झालेले) वापरत असाल, तर भारित कप्पा (योगायोग वगळून दोन नोंदींतील सहमती मोजणारा, मोठ्या मतभेदाला जास्त भार देणारा गुणांक) घ्यावा, पण भार रेषीय (टप्प्यांतील अंतराच्या प्रमाणात) की वर्गीय (त्या अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात) हे स्पष्ट लिहावे, कारण शेजारच्या टप्प्यांतील मतभेदाला वर्गीय भार फार सौम्यपणे मोजतो. अठराच्या आसपास जी आणि एच यांतील मतभेदच निर्णायक असल्याने टप्पानिहाय तक्ता मला एका कप्प्यापेक्षा अधिक मोलाचा वाटतो.

दुसरे मापन काही आठवड्यांनी, क्ष-किरण चित्रांचा क्रम बदलून, वय आणि आधीची मापे झाकून व्हावे. त्याच संगणकावर जतन केलेल्या खुणा वापरल्यास ती पुनरावृत्ती ठरत नाही. दुसरा निरीक्षकही हवाच.

बाल न्याय अधिनियम, 2015 च्या कलम 94 नुसार शाळेचा किंवा जन्माचा दाखला नसेल तेव्हाच वैद्यकीय वयचाचणीकडे वळतात, म्हणजे दुसरा आधार नसलेल्या मुलाचा निर्णय या मापावर टेकतो. यासाठी दुसऱ्या मापनात किती व्यक्ती 0.08 च्या एका बाजूकडून दुसरीकडे गेल्या, ती संख्या अहवालात स्वतंत्रपणे नोंदवावी.