ड्रमर काढू नकोस

तुझा मेसेज वाचला. तुमच्या बँडची गाणी आता लॅपटॉपवर बनतायत, ड्रमरला वाजवायला काही उरलं नाही, म्हणून त्याला ‘सध्या थांब’ म्हणून सांगायचं ठरतंय. आणि दाखला कुणाचा, तर रेडिओहेड या इंग्लिश रॉक बँडच्या ‘किड ए’चा! अरे, तो अल्बम नेमकं उलटं सांगतो.

ऑक्सफर्डजवळच्या अ‍ॅबिंग्डनच्या शाळेत जमलेली ती पाच पोरं. 1993 च्या पहिल्या अल्बमवरही तीच आणि 2016 च्या अल्बमवरही तीच. 1995 च्या ‘द बेंड्स’मध्ये तीन गिटारी कडाडतात, 1997 ला ‘ओके कम्प्युटर’ आला, आणि सगळे पुन्हा तेच मागायला लागले तेव्हा, 2000 साली, ‘किड ए’मध्ये यांनी गिटारी बऱ्याचशा बाजूलाच ठेवल्या. त्यातलं ‘इडियोटेक’ हेडफोन लावून ऐक. खाली यंत्राचा कोरडा ठोका. वर तरंगणाऱ्या त्या चार कॉर्ड संगीतकार पॉल लान्स्कीनं 1973 मध्ये कम्प्युटरवर केलेल्या रचनेतून उचललेल्या. तिथे त्यांच्या ड्रमरनं, फिल सेलवेनं, ड्रम कुठे वाजवायचे? एड ओब्रायनच्या गिटारचं काय? बँड फुटायच्या बेतात आला होता. तरी कुणाला घरी पाठवलं नाही. दुसरा गिटारवाला जॉनी ग्रीनवुड ओंद मार्तनो नावाच्या जुन्या फ्रेंच वाद्याकडे वळला, बाकीच्यांनी आपापलं काम नव्यानं शोधलं.

वाद्य बदल, माणूस बदलू नकोस. एवढंच सांगतोय.

मग 2007 च्या ‘इन रेनबोज’वरचं ‘वीअर्ड फिशेस’ लाव. आधी सेलवेचे ड्रम, घाई नसलेले पण एका जागी न थांबणारे. त्यावर एक गिटार, मग दुसरी तिच्या फटीतून, मग तिसरी. कोणती कुणाची ते कळेनासं होतं. भाड्यानं आणलेल्या वादकांकडून हे होत नाही रे. एकमेकांचा वैताग सोसलेली माणसं लागतात. (त्यांचा ‘किंग ऑफ लिम्ब्स’ अल्बम मला अजून पचलेला नाही, पण तो वाद भेटल्यावर.) आणि घाई कसली? ‘ट्रू लव्ह वेट्स’ ते 1995 मध्ये स्टेजवर गात होते, स्टुडिओतलं रूप आलं थेट 2016 ला, गिटार जाऊन पियानो घेऊन. गाणं थांबतं. काढून टाकलेला मित्र थांबत नाही.

आमच्या बँडची एक कॅसेटसुद्धा निघाली नाही, हे तुला ठाऊक आहे. मला एकट्याला बोलावणं आलं होतं. ‘बाकीचे नकोत’ म्हणाले, मी गेलो नाही. माझ्याहून बेसूर माणसं टीव्हीवर दिसली की अजून पोटात कालवतं, खोटं कशाला बोलू? पण आमचा बेसवाला आजही रविवारी येतो, आणि मी सूर लावला की न बघता पट्टी पकडतो. हे कुठल्या कराराच्या कागदात मिळालं असतं? तू म्हणशील, काका स्वतःची समजूत घालतोय. घालत असेन. म्हणून मुद्दा खोटा ठरत नाही. वाद्य बदल, माणूस नको.

‘पण काका, त्याला इलेक्ट्रॉनिक जमत नाही’ हे मला ऐकवू नकोस. तुला तरी कुठे जमतंय? पाठवलेल्या डेमोत सगळे ठोके सारख्याच जोराचे आहेत, रिकाम्या खोलीत नळ ठिबकावा तसे. त्याच्या पुढ्यात इलेक्ट्रॉनिक ड्रम पॅड ठेव, हातानं वाजवू दे आणि तेच रेकॉर्ड कर. शनिवारच्या रिहर्सलच्या आधी त्याला फोन कर. मेसेज नको, फोन.

— काका