मुंबईत चालवतो त्या जुन्या, केबल क्लचच्या गाडीचा क्लच जड झालाय, मेकॅनिक पूर्ण सेट बदला म्हणतोय. बदलू का?

लगेच नको. तुमची गाडी केबल क्लचची आहे, म्हणजे पेडल तारेने क्लच ओढतं, तेव्हा सेटसाठी गिअरबॉक्स उतरवण्याआधी केबल बघा. मुंबईची खारी, दमट हवा आणि पावसाचं पाणी यांनी ती आतून गंजते.

इंजिन बंद ठेवून गिअरबॉक्सकडचं टोक सोडवायला सांगा आणि तार हाताने मागेपुढे ओढा. अलगद सरकायला हवी. खरखरली, अडकली किंवा टोकाशी तारेचे तुटलेले पदर दिसले, तर केबलच बदला. स्वस्तातलं काम आहे, आणि टाळू नका: अशी केबल नेमकी सायनच्या ट्रॅफिकमध्ये तुटते. नवी बसवताना कुठे तीव्र वळण पडत नाही ना, तेही बघा. पेडलच्या पिनला ग्रीस लावून घ्या.

तार मोकळी असेल तर मात्र मेकॅनिकचं बरोबर असू शकतं. क्लचप्लेट झिजली की तिला दाबून धरणाऱ्या प्रेशर प्लेटच्या स्प्रिंगसारख्या पाकळ्यांचा कोन बदलतो आणि पेडल जड होतं. क्लच अगदी वर आल्यावर गाडी उचलते का? फ्लायओव्हर चढताना नुसताच आवाज वाढतो का? मग प्लेट, प्रेशर प्लेट आणि त्या पाकळ्या दाबणारं रिलीज बेअरिंग एकदमच बदला, मजुरी दोनदा पडणार नाही. बेअरिंग ढकलणाऱ्या फोर्कच्या शाफ्टचा बुशही तेव्हाच तपासून घ्या, तो सुकला तरी पेडल जड होतं.