गाठीला सुई टोचल्यावर कॅन्सर पसरतो का? बायोप्सी न करता थेट ऑपरेशन करावं का?

तुम्ही लिहिलंय की आईंचं वय 58, स्तनात गाठ लागतेय, रत्नागिरीला सोनोग्राफीत बघत सुईने तुकडा काढायला सांगितलंय, आणि वाडीतली माणसं म्हणतायत, 'गाठीला सुई लावू नका, चवताळेल. त्यापेक्षा थेट कापून टाका.' मी रेडिऑलॉजिस्ट आहे. याच किनाऱ्यावर बारा वर्षं हे काम करतेय आणि हेच बोलणं सतत ऐकते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी भीतीचं बोलू. सुईच्या वाटेत थोड्या पेशी सरकू शकतात हे खरं. पण त्यातल्या बहुतेक तिथे तग धरत नाहीत, आणि स्तनाच्या बाबतीत पुढे ऑपरेशन, रेडिएशन असे उपचार होतातच. सुईमुळे आजार अंगभर पसरतो असं दिसलेलं नाही. जिथे सुई खरंच टाळतात त्या जागा वेगळ्या. वृषणातल्या गाठीत आम्ही सुई घालत नाही. यकृताच्या कॅन्सरमध्ये सुईच्या मार्गावर गाठ उगवण्याचा थोडा धोका असतो, म्हणून सीटी किंवा एमआरआयवर निदान पक्कं होत असेल तर तिथे सुई लावत नाहीत. हा समज कुठून आला असावा, याबद्दल माझं मत असं : बाई गाठ सहा-आठ महिने अंगावर काढते, कुणाला सांगत नाही. मग कधीतरी तपासणी होते, तोवर आजार पुढे गेलेला असतो, आणि बोल सुईला लागतो.

थेट ऑपरेशनचा विचार मात्र सोडा. गाठ साधी निघाली तर आईंनी मोठं ऑपरेशन उगाच सोसलं असं होईल. कॅन्सर असेल तर तो कोणत्या जातीचा, इआर, पीआर आणि हर-टू हे रिसेप्टर (पेशीच्या वाढीचा इशारा पकडणाऱ्या जागा) आहेत का, हे त्या तुकड्यावरूनच कळतं, आणि त्यावर उपचारांचा क्रम ठरतो. काही जणींना आधी केमो देऊन मग ऑपरेशन करणं फायद्याचं असतं. गाठ एकदा कापून टाकली की तो रस्ता बंद. नुसती बारीक सुई घालून पेशी ओढणं म्हणजे एफएनएसी. त्यात एवढी माहिती मिळत नाही. आईंना सांगितलेली बहुधा कोअर बायोप्सी, म्हणजे जाड सुईने तुकडा काढणं, असेल, तीच करा.

आता सोनोग्राफी कशाला? मिरकरवाड्याचे एक तांडेल (मासेमारी बोटीचे प्रमुख) माझ्याकडे मानेच्या गाठीसाठी आले होते. स्क्रीनकडे बघून म्हणाले, 'डॉक्टर, हा तर आमचा फिश फाइंडरच!' अगदी बरोबर बोलले. बोटीखालून आवाज सोडायचा, परत आलेल्या पडसादावरून मासळी कुठे आहे ते ओळखायचं. कानाला दोन्हीकडचा आवाज ऐकू येत नाही, आमच्या आवाजाची कंपनं कितीतरी जास्त इतकाच फरक. स्तनासाठीच्या प्रोबची (अंगावर फिरवतो त्या यंत्राची) कंपनं दहा मेगाहर्ट्झच्या आसपास किंवा त्याहून जास्त असतात. ती खोल जात नाहीत, पण कातडीखालच्या तीन-चार सेंटिमीटरचं चित्र फार स्पष्ट देतात. आणि हे चित्र चालतं असतं. सुई पुढे सरकताना दिसते, गाठ तिच्या धक्क्याने बाजूला घसरते तेही दिसतं. डॉपलर लावला की वाटेतली रक्तवाहिनी कळते. किरणोत्सर्ग नाही. हाताला लागणाऱ्या गाठीतही नुसत्या अंदाजाने सुई घालू नये असं मी म्हणते, कारण लागणाऱ्या गाठीचा बराच भाग आजूबाजूची सूज किंवा मेलेल्या पेशी असू शकतो. जिवंत भाग कुठे आहे ते बघून सुई तिथे न्यावी लागते.

पण खरी मेख सुईच्या टोकात आहे. प्रोबमधून निघणारा ध्वनीचा पट्टा जेमतेम मिलिमीटर-दोन मिलिमीटर जाडीचा. सुई त्या पट्ट्यात तंतोतंत राहिली तर टोकापासून मागेपर्यंत पांढरी रेघ दिसते. जरा तिरकी गेली की पट्टा सुईला मध्येच कापतो, आणि तिथला ठिपकाच टोक वाटतो. खरं टोक पुढे गेलेलं असतं. शिवाय सुई प्रोबला जितकी समांतर, तितका पडसाद सरळ परत येतो. उभी घातली तर तो भलतीकडे जातो आणि सुई धूसर होते. स्तनात आम्ही सुई छातीच्या पिंजऱ्याला समांतर ठेवतो ती यासाठी, आणि त्याहून जास्त फुप्फुसाला इजा होऊ नये म्हणून.

सुरुवातीच्या वर्षांत माझ्याकडून हीच चूक झाली. गुहागरकडच्या एक काकू होत्या, गाठ दगडासारखी. मी रेघ बघितली, टोक पक्कं केलं नाही, सुई गाठीच्या कडेने घसरली. रिपोर्ट आला : फक्त चरबी. चित्रात गाठीच्या कडा वेड्यावाकड्या होत्या, मागे काळी सावली होती, ते चरबीचं लक्षण नव्हेच. काकूंना पुन्हा बोलावलं, दुसऱ्यांदा कॅन्सर निघाला. त्यांचे तीन आठवडे गेले आणि दोनदा सुई सोसावी लागली, हे मी विसरलेली नाही. तेव्हापासून प्रत्येक तुकड्याला सुई गाठीच्या आरपार गेल्याचा फोटो मी दोन दिशांनी काढून ठेवते. तुम्हीही लक्षात ठेवा : सोनोग्राफीत गाठ संशयास्पद आणि रिपोर्ट अगदी साधा, असं झालं तर सुटलो म्हणून घरी जाऊ नका. सोनोग्राफी करणाऱ्या आणि तुकडा तपासणाऱ्या डॉक्टरांना एकमेकांशी बोलायला सांगा, गरज पडली तर बायोप्सी पुन्हा करा.

त्या दिवशी काय होतं ते आईंना आधीच सांगा. उपाशी राहायला लागत नाही. लिग्नोकेनचं, म्हणजे जागा बधिर करायचं, इंजेक्शन देताना थोडी आग होते, मग दाब जाणवतो, दुखत नाही. बायोप्सी गन सुटताना 'टक्' असा स्टेपलरसारखा आवाज येतो. त्याला बायका दचकतात, म्हणून मी तो आधी हवेतच ऐकवते. सुई बहुधा 14 गेजची, दोन मिलिमीटर जाड. तुकडे चार-पाच घेतो, शिरवाळ्याच्या बारीक तुकड्यासारखे दिसतात. मग दहा मिनिटं घट्ट दाब. टाका नाही. चार दिवस काळंनिळं राहील. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर आधी सांगा, स्वतःहून बंद करू नका.

तुकडे बाहेर आले की फॉर्मालिनच्या (तुकडा टिकवणाऱ्या रसायनाच्या) बाटलीत लगेच गेले पाहिजेत. तिथे बघायला मला आवडतं : चरबी तरंगते, गाठीचा तुकडा बहुधा तळाशी जातो. रिसेप्टरच्या तपासणीसाठी तुकडा फॉर्मालिनमध्ये किमान 6 तास आणि जास्तीत जास्त 72 तास राहावा असा दंडक आहे. आपल्याकडे नमुना कोल्हापूरला किंवा मुंबईला जातो. पावसात घाट बंद पडला की बाटली वाटेत अडकते. म्हणून बाटलीवर घातल्याची तारीख-वेळ लिहून घ्या.

रिपोर्टच्या कागदासोबत पॅराफिनचा ब्लॉक (मेणात बसवलेला तुकडा) आणि स्लाइड्सही मागून घ्या. पुढे परळला टाटाला जायची वेळ आली तर तिथे त्या पुन्हा तपासतात. ब्लॉक उन्हात ठेवू नका, मेण वितळतं.

आणि बायोप्सीची तारीख शुक्रवार-शनिवारची घेऊ नका. रविवारी लॅब बंद, बाटली तशीच पडून राहते. सोमवार किंवा मंगळवार, सकाळची वेळ मागा.